बोटाचा हिशेब

एलिस्मेन मावशीला लिहिता येत नाही.
तिची खतावणी म्हणजे रमची जुनी बाटली,
जिच्यात आता एरंडेल असतं,
काळं, दाट,
तिरकी केली तरी आधी विचार करून मग हलणारं.
बुचाच्या जागी दाणे काढलेल्या कणसाचा तुकडा.

बिया आम्ही दोघी भाजतो.
धूर डोळ्यांत जातो, मावशी म्हणते, जाऊ दे,
नाहीतरी रडायला वेगळा वेळ कुणाकडे आहे.
करपायच्या जरा अलीकडे
एक क्षण असतो, तो फक्त नाकाला कळतो.
मग उखळ. समोरासमोर दोन मुसळं,
एक वर तेव्हा एक खाली,
मध्ये बोलायचं नाही, बोललं की बोटं जातात.
मग पाणी, उकळी, आणि वर तरंगतं ते
पळीने, हळूच, पाण्याला न दुखवता उचलायचं,
पुन्हा कढवायचं, तडतड थांबेपर्यंत.
शेजारचा दिएफोर कुंपणावरून हसतो:
अख्खा दिवस एरंडाचं गुऱ्हाळ, आणि हाती काय, एक बाटली!
रात्री त्याच्याच पोराला ताप चढतो
आणि तोच वाटी घेऊन उभा राहतो दाराबाहेर,
टोपी काढून.

बाटलीवर आडवं बोट ठेवून मावशी मोजते.
अर्धं बोट दिएफोरच्या पोराच्या टाळूवर.
एक बोट मारिलियाच्या बाळंतपणाला:
बाळाच्या पाठीला, बाळाच्या आईच्या कंबरेला,
आणि सुईणीच्या हाताला उरलं ते तिच्याच गुडघ्यांना.
ऑक्सिल हाडं बसवतो, त्याला पाव बोट.
तो तेल तळव्यावर घेतो आणि तुम्हाला
बकरीचा भाव विचारतो; तुम्ही आकडा आठवेपर्यंत
कट्ट. बसलं.
शनिवारी माझ्या केसांना,
मान इकडे कर, मान तिकडे कर,
आणि रविवारी पाद्रीबाबांना न बघताच कळतं
माझं डोकं कुठल्या बाकावर आहे.
म्हातारा सेन-फ्लेर गेला तेव्हा त्याच्या पायांना,
भेगा बुजेपर्यंत.
ते बोट मावशीने कुणाकडे मागितलं नाही.

एकदा मात्र एक बोट हिशेबात बसेना.
तीन वर्षांपूर्वी, मार्चमधली पहाट.
रात्री बाटली गळ्यापर्यंत होती, सकाळी नव्हती.
मावशीने आडवं बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.
मग तिने दाराकडे पाहिलं.
बिजागऱ्या चमकत होत्या,
वरची, खालची, दोन्ही तेलाने माखलेल्या,
एक काळा ओघळ लाकडावरून उंबऱ्यापर्यंत.
ते दार बसवल्या दिवसापासून किंचाळायचं,
कोंबडा त्याच्यानंतर आरवायचा.
त्या रात्री ते ब्र न काढता उघडलं होतं
आणि फेनेलची चटई गुंडाळलेली होती, नीट,
जशी त्याने जन्मात कधी गुंडाळली नव्हती.

बाटलीतलं एक बोट गेलं होतं
आणि खाली जेरेमीच्या धक्क्यावरची एक बोट.

आता फोन येतो, चिलेहून, कधी आणखी कुठून.
मावशी थंडीचं विचारते, जेवणाचं विचारते,
तेलाचं विचारत नाही.
मी मात्र पाहते:
कोयत्याच्या मुठीला तेल,
गाढवाच्या खोगिराखाली सोललेल्या कातडीला तेल,
परवा तर कुरकुरणाऱ्या खुर्चीच्या पायालाही.
फक्त त्या बिजागऱ्यांना नाही.
त्या तिने त्याच आठवड्यात राखेने घासल्या,
साबणाने धुतल्या, कोरड्या पुसल्या
आणि समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर सोडल्या.
दार आता पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडतं.
दिएफोर म्हणतो, अगं, दोन थेंब टाक की त्याच्यात,
गावाची झोप जाते.
मावशी म्हणते, तेल संपलंय.

बाटली तिच्या मांडीवरच असते.
चार बोटं भरलेली.